विलायतेहून काय आणावे?

सोलापुरासारख्या गावी एखाद्या घरचे माणूस युरोपच्या प्रवासास निघाले म्हणजे निरोपाच्या वेळी दोन वाक्ये हटकून कानी पडतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, "प्रकृतीला जपा," आणि धाकटी मंडळी विचारतात, "आमच्यासाठी काय आणाल?" पहिल्या वाक्याला मान डोलावली म्हणजे झाले. दुसरे मात्र प्रवाशाच्या सामानात जाऊन बसते व परतीच्या दिवसापर्यंत त्याला स्वस्थता लाभू देत नाही. पॅरिसच्या दुकानात तो आयफेल मनोऱ्याची धातूची प्रतिकृती हाती घेतो, खाली ठेवतो, स्वित्झर्लंडात घड्याळांच्या किमती पाहून बाहेर पडतो, आणि अखेरीस विमानतळावरील चॉकलेटांची चार खोकी काखोटीला मारून घरी येतो.

आम्हां सोलापूरकरांना हा प्रश्न उलट बाजूनेही परिचित आहे. बाहेरगावचा पाहुणा आमच्या गावी आला की, परतताना त्याच्या बोचक्यात एक चादर असावयाचीच. ती कोणती घ्यावी, कोणाकडून घ्यावी, वेलबुट्टी कशी असावी, याविषयी सल्ला देण्यास प्रत्येक सोलापूरकर स्वतःला अधिकारी समजतो. म्हणून प्रवासातून घरी न्यावयाची वस्तू कशी निवडावी, या विषयावर सोलापुरातील माणसाने दोन शब्द बोलावे, यात फारसे अनुचित नाही. परंतु आज मी बाजारभावाविषयी बोलणार नाही. आपल्या मराठी माणसांनी गेल्या अडीचशे वर्षांत युरोपातून काय काय आणिले, त्यातले काय टिकले व काय गेले, हे पाहावे असे मी योजिले आहे. कारण माणूस परदेशाहून काय आणतो यावरून तो तेथे काय पाहावयास गेला होता, हे कळते.

वस्तू माणसांच्या आधी प्रवास करतात. आपली माणसे समुद्र ओलांडण्यापूर्वीच युरोपातील वस्तू आपल्या घरांत शिरल्या होत्या. पेशवाईतील सरदारांच्या वाड्यांत हंड्या, झुंबरे, आरसे, घड्याळे व दुर्बिणी यांचे कौतुक होते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधील प्रचंड घंटा मराठी मुलखात आल्या. त्यांतील एक भीमाशंकराच्या देवळापाशी आहे, एक वाईजवळ मेणवलीस नाना फडणिसांच्या वाड्यामागील घाटावर आहे. या युद्धातून आलेल्या वस्तू. त्यांना भेट म्हणता येणार नाही. तरीही त्यांच्याकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. झुंबरे फुटली, घड्याळे बंद पडली, वाडे ओस झाले. घंटा मात्र राहिल्या. त्यांना येथे आल्यावरही काम मिळाले, हे त्याचे एक कारण असावे.

वस्तूंना येण्यास अडचण नव्हती. माणसांना जाण्यास मात्र होती. राघोबादादांनी आपले वकील विलायतेस धाडिले, ते १७८१ च्या सुमारास लंडनात होते. त्यांत हणमंतराव नावाचे ब्राह्मण गृहस्थ होते. त्यांच्या सोवळ्याओवळ्याची तेथे फार पंचाईत झाली. तेव्हा एडमंड बर्क या विख्यात संसदपटूने बीकन्सफील्ड येथील आपल्या घराचे काचगृह त्यांना मोकळे करून दिले, आणि तेथे त्यांनी आपल्या आचाराप्रमाणे स्वयंपाक व देवपूजा केली. हणमंतरावांनी घरच्यांसाठी काय आणिले, ते इतिहासाने नोंदविलेले नाही. त्यांच्याबरोबर काय आले याविषयी मात्र स्वदेशी कोणाला शंका नव्हती: समुद्रगमनाचा दोष आला! तो फेडण्यासाठी सोन्याची योनिप्रतिमा करवून तीतून पार होण्याचा, म्हणजे जणू पुनर्जन्म घेण्याचा विधी या प्रवाशांना करावा लागला, असे त्या काळच्या इंग्रज लेखकांनी लिहून ठेविले आहे. ज्या समाजात परत आलेल्या माणसालाच आधी शुद्ध करून घ्यावे लागे, तेथे त्याच्या पेटीतील वस्तूंचे स्वागत कसे होणार?

पुढे सुमारे नव्वद वर्षांनी, १८७० साली, कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडला गेले. वय अवघे वीस वर्षांचे. तेथील संस्था, सभा, शाळा, कारखाने त्यांनी जिज्ञासेने पाहिले आणि पाहिलेले रोजनिशीत टिपून ठेविले. परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्स येथे त्यांची प्रकृती बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे देहावसान झाले. आर्नो नदीच्या काठी, जेथे तिला मुन्योने नदी मिळते त्या संगमावर, त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला. आज तेथील उद्यानात छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे, आणि जवळच्या आधुनिक पुलाला फ्लॉरेन्सचे लोक त्या 'भारतीया'च्या नावानेच ओळखतात. महाराज परत आले नाहीत. रोजनिशी आली, आणि १८७२ साली ती इंग्रजीत प्रसिद्ध झाली. कोल्हापूरकरांच्या हाती आपल्या राजाच्या प्रवासाची हीच काय ती खूण राहिली. ज्याला घरच्यांसाठी काही आणावयाचे आहे, त्याने निदान पाहिलेले लिहून तरी आणावे, हा धडा त्या वीस वर्षांच्या तरुणाने आपल्याला नकळत दिला आहे.

त्याच कोल्हापूरच्या गादीवरील शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणासाठी विलायतेस गेले. याच समारंभाला जयपूरचे महाराज सवाई माधोसिंग हेही गेले होते. त्यांनी चांदीचे अतिप्रचंड कलश करवून त्यांतून गंगेचे पाणी बोटीवर चढविले, कारण परदेशचे पाणी त्यांना प्यावयाचे नव्हते. ते कलश आजही जयपूरच्या राजवाड्यात पाहावयास मिळतात. शाहू महाराजांच्या प्रवासाची आठवण कोल्हापुरात निराळ्या रूपाने उभी आहे. रोमचे कलोसियम पाहून महाराजांच्या मनाने घेतले की, आपल्या मल्लांसाठी असे एक मैदान हवे. त्यातून १९१२ साली खासबागेचे कुस्तीचे मैदान सिद्ध झाले. मध्यभागी लाल मातीचा हौदा आणि सभोवार वर चढत गेलेली प्रेक्षकांची बैठक. कोठेही बसले तरी कुस्ती स्पष्ट दिसावी अशी रचना. कलोसियममध्ये माणसे जिवानिशी मारली जात; खासबागेत पाठ जमिनीला लागली की संपते. रोमहून महाराजांनी रचना तेवढी घेतली आणि तिच्यात आपला खेळ बसविला. जी वस्तू पेटीत मावत नाही, तीही माणसाला घरी आणता येते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात जन्मलेले आणि पुढे बडोद्याचे महाराज झालेले सयाजीराव गायकवाड हे तर या विषयातील आचार्यच म्हणावयाचे. १८८७ पासून त्यांच्या युरोपच्या अनेक वाऱ्या झाल्या. चित्रे, पुतळे, कलाकुसरीच्या वस्तू त्यांनी पुष्कळ घेतल्या. परंतु त्या सर्वच राजवाड्यात कोंडून न ठेवता त्यांसाठी लोकांना खुले असे संग्रहालय त्यांनी १८९४ साली उभारले, आणि पुढे त्याला जोडून युरोपीय चित्रांसाठी स्वतंत्र चित्रशाळा बांधविली. त्या चित्रशाळेची कथा मोठी बोधप्रद आहे. इमारत १९१४ साली तयार झाली, आणि त्याच वर्षी युरोपात महायुद्ध पेटले. तिकडे राहिलेल्या कलाकृती येण्यास विलंब लागला. चित्रशाळेचे दरवाजे उघडावयास १९२१ साल उजाडले. आणावयाची वस्तू निवडणे आपल्या हाती असते. ती घरी सुखरूप पोहोचणे सर्वस्वी आपल्या हाती नसते.

त्याच महायुद्धात आणखी एका मराठी प्रवाशाची पेटी समुद्रात गेली. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क व लंडन येथे शिकत असलेले भीमराव आंबेडकर १९१७ साली मुदत संपल्यामुळे शिक्षण अर्धवट टाकून परत निघाले. विद्यार्थिदशेत पोटाला चिमटा घेऊन जमविलेली पुस्तके व सामान त्यांनी दुसऱ्या बोटीने पाठविले होते. त्या बोटीला जर्मन पाणबुडीने बुडविले. सामानाची नुकसानभरपाई म्हणून त्यांना सहाशे रुपये मिळाले आणि तेच त्यांना बडोद्याला नोकरीवर रुजू होण्याच्या प्रवासखर्चास उपयोगी पडले. विचार करा: त्या पेटीत घरच्यांसाठी रेशीम नव्हते, अत्तर नव्हते, चांदीची भांडी नव्हती. ज्ञानाची साधने होती, आणि तीच तळाशी गेली. दुसरा एखादा खचला असता. बाबासाहेबांनी मुंबईत प्राध्यापकी केली, पैसा साठविला, १९२० साली पुन्हा लंडन गाठले आणि आपले अपुरे शिक्षण पुरे केले. पुढे दादरला 'राजगृह' बांधताना त्यात ग्रंथसंग्रहाला मानाची जागा मिळाली. ज्या वस्तूसाठी माणूस दुसऱ्यांदा समुद्र ओलांडावयास सिद्ध होतो, तीच त्याने खरोखर आणावयास हवी होती, असे समजावे.

हे झाले राजांचे आणि विद्वानांचे. आता एका मध्यमवर्गीय संसारी गृहस्थाकडे येऊ. धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला आणि आपल्या देवांच्या कथा पडद्यावर आणण्याच्या ध्यासाने त्यांना झपाटले. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. तेथे सिसिल हेपवर्थ या निर्मात्याचा कारखाना त्यांनी पाहून घेतला. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोके पाडावयाचे यंत्र व कच्ची फिल्म यांची मागणी नोंदविली. आणि एप्रिलच्या आरंभी ते स्वदेशी परतले. घरात मुले लहान, डोक्यावर कर्ज, आणि गृहस्थ विलायतेहून आणतात काय, तर एक यंत्र! शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भुवया उंचावल्या असल्यास नवल नाही. परंतु सरस्वतीबाईंनी ती भेट ज्या रीतीने स्वीकारली, तिला तोड नाही. फिल्मला भोके पाडणे, ती रसायनात धुणे ही कामे त्या शिकल्या. भांडवलासाठी त्यांचे दागिने गेले. चित्रण सुरू झाल्यावर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याच अंगावर पडला. कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ महिनाभर टिपून फाळक्यांनी पहिला प्रयोग केला, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. त्या यंत्राने अवघ्या वर्षभरात हिंदुस्थानात एक नवा धंदा आणि एक नवी कला निर्माण केली. असे असले तरी, सरस्वतीबाईंवाचून ते यंत्र घरातील एक महागडी अडगळ होऊन बसले असते. वस्तूचे मोल निम्मे आणणाऱ्याच्या हाती आणि निम्मे स्वीकारणाऱ्याच्या हाती असते.

आता आपण पुन्हा सोलापूरला येऊ. आमच्या गावाने विलायतेहून आणलेली सर्वांत मोठी वस्तू कोणती, असे कोणी विचारले तर मी गिरणी असे उत्तर देईन. मुंबईचे मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल १८७७ साली सुरू झाली. तीच आमची 'जुनी मिल'. तो धूर, तो भोंगा आता इतिहासजमा झाला आहे. परंतु त्यानेच या गावाला कामगारांचे शहर केले. त्या काळच्या हिंदी गिरण्यांतील चाती व माग बहुतेक इंग्लंडातून येत, म्हणजे ज्या लँकेशायरने आमच्या विणकराचा धंदा बुडविला, त्याच लँकेशायरची यंत्रे आणून त्याच्याशी स्पर्धा मांडावयाची होती. पुढे मोरारजींचे चिरंजीव नरोत्तम मोरारजी आणि १८८२ साली सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी इतर भागीदारांसह सिंदिया कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी तिची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. तीही इंग्लंडातच बांधलेली, ग्वाल्हेरच्या महाराजांकडून विकत घेतलेली जुनी बोट. व्यापारदृष्ट्या ती फार काळ टिकली नाही. परंतु तो दिवस आज 'राष्ट्रीय सागरी दिन' म्हणून पाळला जातो. ज्या बोटीतून विलायती माल यावयाचा, ती बोट तरी आपली असावी, हा त्यामागचा विचार होता.

विलायती वस्तूला त्या काळी आणखी एक अर्थ होता, तो विसरून चालणार नाही. १९०५ साली पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली, १९२१ साली मुंबईत परळला झाली. आणि १९३० च्या मे महिन्यात आमच्या सोलापुरात तर लष्करी कायदा पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी झाली. अशा दिवसांत विलायतेहून आलेल्या मुलाने आईपुढे मँचेस्टरचे तलम कापड ठेविले असते, तर तिने ते कोणत्या डोळ्यांनी पाहिले असते? कापड तेच, सूत तेच. परंतु भेटीचा अर्थ ती ज्या घरात उघडली जाते, त्या घराने ठरवावयाचा असतो. घरी काय चालले आहे याचे भान नसलेला प्रवासी कितीही महाग वस्तू आणो, तो रिकाम्या हातांनीच आला असे होते.

मात्र विलायतेचे म्हणून सगळेच त्याज्य, असे सोलापूरने कधी मानले नाही. याची साक्ष आमची चादरच देते. जॅकार्ड नावाच्या कारागिराने फ्रान्समधील लिऑन या रेशमाच्या शहरात १८०४ साली एक युक्ती सिद्ध केली. पुठ्ठ्याच्या पानांना नक्षीप्रमाणे भोके पाडावयाची. जेथे भोक असेल तेथे ताण्याचा धागा वर उचलला जावयाचा, जेथे नसेल तेथे खाली राहावयाचा. त्यामुळे जी नक्षी विणावयास कसबी माणसाला मदतनीस हाताशी घेऊन दिवसचे दिवस लागत, ती मागावर आपोआप उठू लागली. लिऑनच्या विणकरांनी आरंभी या यंत्राला कडवा विरोध केला, कारण त्यात त्यांना आपली उपासमार दिसली. हीच युक्ती देशोदेशी हिंडत आमच्या गावी आली. तेलंगणातून येथे येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांनी ती आत्मसात केली, तिच्यात जाड सुती धागा घातला, मोर, वेली व फुले घातली, आणि सोलापुरी चादर जन्मास आली. २००५-०६ या वर्षात तिला भौगोलिक निर्देशनाची कायदेशीर मान्यता मिळाली; म्हणजे 'सोलापुरी' हे नाव कोणी दुसऱ्याने लावू नये, असे सरकारदरबारी ठरले. लिऑनची युक्ती सोलापूरची ओळख होऊन बसली.

मग आज युरोपास जाणाऱ्याने काय आणावे? इतिहासाकडून याची यादी मिळत नाही. परंतु तीन कसोट्या मिळतात. पहिली, वस्तू घरी आल्यावर कामाला लागेल काय? मेणवलीच्या घंटेप्रमाणे तिला येथे काही कर्तव्य असेल, तर ती राहील. नाही तर कपाटातील धूळ तिची वाट पाहत आहे. दुसरी, ती खरोखर त्या गावची आहे काय? पॅरिसच्या रस्त्यावर मिळणारा मनोरा पुष्कळदा तिसऱ्याच देशात ओतलेला असतो. तो घेण्यापेक्षा त्या गावच्या कारागिराच्या हातची लहानशी वस्तू बरी. आपल्या चादरीची नक्कल कोणी विकली तर आपल्याला वाईट वाटते. तसेच त्यालाही वाटत असेल. आणि तिसरी, जिच्यासाठी वा ज्याच्यासाठी ती घेतली, त्या माणसाचा चेहरा घेताना डोळ्यांपुढे होता काय?

या तिसऱ्या कसोटीपुढे किमतीचा प्रश्न उरत नाही. प्रत्येकाने फाळक्यांप्रमाणे कर्ज काढून यंत्र आणावे, असे माझे म्हणणे नाही. चॉकलेटच्या खोक्यालाही मी नावे ठेवीत नाही. ते उघडताना नातवंडांची जी झुंबड उडते, तीही एक मौल्यवान गोष्ट आहे. बागेवर जीव असलेल्या आजीला तिकडच्या फुलांचे एखादे सचित्र पुस्तक, शिवणकाम करणाऱ्या काकूंना चांगल्या पोलादाची कात्री, शाळेत जाणाऱ्या भाच्याला पाहिलेल्या शहराचा नकाशा आणि त्यावर आपण चाललेल्या वाटेची तांबडी रेघ, एवढ्यानेही प्रवास घरात येतो. आणि राजाराम महाराजांची आठवण ठेवून एक वही अवश्य भरावी. ती घरच्या सर्वांना पुरते व वाटूनही संपत नाही.

शेवटी एक विनंती. जाताना रिकाम्या हातांनी जाऊ नये. आपण तेथे कोणाच्या तरी घरी उतरणार, कोणाच्या पंक्तीला बसणार. हणमंतरावांना काचगृह मोकळे करून देणाऱ्या बर्कसारखा कोणी सज्जन आपल्यालाही भेटेल. त्याच्यासाठी पेटीच्या तळाशी एक सोलापुरी चादर असू द्यावी. थोडी जड होईल खरी. परंतु योगायोगाने तो यजमान लिऑनचा निघाला, तर तिच्यावरील मोर त्याला दाखवून सांगावे की, हा ज्या युक्तीने उठला, ती आम्ही तुमच्या गावाहून घेतली होती. आणि सव्वादोनशे वर्षांनी तिने आमच्याकडे काय रूप घेतले, ते आज तुम्हांला दाखवावयास आणिले आहे.